‘बरं आहे’ म्हणू नये

आत्माराम म्हात्रे वकिलांच्या दारावर त्यांच्या नावाची पाटी नव्हती. एक पुठ्ठा होता आणि त्यावर निळ्या शाईत जाड अक्षरांत लिहिलं होतं, ‘इथे बरं आहे म्हणू नये.’ त्याच्या बरोबर समोर, आमच्या दाराशेजारी, मी लावलेली पाटी होती, ‘चपला जिन्यात काढू नयेत.’ म्हात्र्यांकडे येणारी माणसं दोन्ही पाट्या नीट वाचत, चपला जिन्यात काढत आणि आत जाऊन ‘बरं आहे’ म्हणत.

फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीची मी सेक्रेटरी. हे पद मला कोणी दिलं नाही, कोणी घेत नव्हतं म्हणून माझ्याकडे राहिलं. मी पोस्टातून निवृत्त झाले आणि लगेचच म्हात्रे समोर राहायला आले. घर आणि ऑफिस एकच. मी काही भांडखोर बाई नाही, पण जिना हा चढण्याउतरण्यासाठी असतो असं माझं मत होतं आणि आजही आहे. म्हात्र्यांच्या मते ती बसायची जागा होती. एकदा मी त्यांना स्पष्ट सांगितलं की तुमच्या माणसांमुळे आम्हाला पाय ठेवायला जागा उरत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वहिनी, तो पायरीवर बसलाय त्याला एकच पाय हाय. तुम्हाला जागा जास्तच मिळायला पायजे.” मी घरात निघून गेले.

आमची पहिली भेटही अशीच झाली होती. सकाळी दोघंही दूध घ्यायला दारात आलो. शेजारधर्म म्हणून मी विचारलं, “काय म्हात्रे, बरं आहे ना?” हा काही खरा प्रश्न नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हात्र्यांनी दुधाची पिशवी कठड्यावर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. “उजवा गुडघा ठनकतो. पोट साफ होत नाय. डाव्या कानात शिट्टी वाजते, ती आज जरा कमी हाय. सकाळपासून उदास वाटतंय, कारन समजत नाय.” मग पिशवी उचलून विचारलं, “तुमचं?”

“बरं आहे,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “वहिनी, कोर्टात असं बोललात तर मेलात,” असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. मी आमच्या ह्यांना सांगितलं, समोर एक वेडा माणूस राहायला आलाय. हे म्हणाले, वेडा नाही, वकील आहे. मी म्हटलं, मी वेगळं काय सांगतेय?

म्हात्रे मूळचे वसईच्या खाडीकाठच्या गावातले. घरी भातशेती, थोडी केळीची बाग. कोर्टात ते तुमच्याआमच्यासारखं शुद्ध बोलत, पण काळा कोट खुंटीला लावला की गावचं बोलणं सुरू, मग पाणी नाही, पानीच. उंच, वाळलेले, आणि तोंडावर हसू म्हणून कधी नाही. विनोद करायचे की नाही हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलं नाही. टेबलाच्या खणात कायद्याच्या पुस्तकांशेजारी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी असायची, गावाकडून आलेली, केळीच्याच सोपटात बांधलेली. आलेल्या माणसाला आधी सुकेळं, मग पाणी, मग प्रश्न.

त्यांच्याकडे यायची ती कामावर जायबंदी झालेली माणसं. बॉयलरवाले, केमिकलवाले, प्रेसमध्ये बोटं गेलेले. पण त्यांचं नाव होतं ते तेलविहिरीवर भाजलेल्यांसाठी. खाडीकाठच्या पोरांना पाण्याची भीती नाही आणि माडावर चढायची सवय, म्हणून ठेकेदार त्यांना समुद्रातल्या तेलविहिरीवर उचलून न्यायचे. ‘रिगवर’ गेला म्हणायचं. पगार बरा, जेवण फुकट, पोरगा सहा महिन्यांत बाईक घेऊन येई. आणि एखादा वर्षभरात हातापायाला पट्ट्या गुंडाळून येई. तो मग आमच्या जिन्यात बसे.

म्हात्र्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. “सफरचंदं आली का?”

मला आधी वाटलं, जिभेचे चोचले. पण त्यात तथ्य होतं. पोरगा हॉस्पिटलात पडला की ठेकेदार पिशवीभर सफरचंदं घेऊन भेटायला येतो, डोक्यावरून हात फिरवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस एक कागद घेऊन येतो. माझी काही तक्रार नाही, मला सर्व पोचलं, इथं सही कर. “सफरचंद आलं की समजायचं, कागद मागून येतो,” असं म्हात्रे म्हणत. सफरचंद या फळाबद्दलच त्यांच्या मनात अढी होती. आमच्याकडे सत्यनारायण झाला तेव्हा प्रसादात दिलेली फोड त्यांनी बाजूला काढून ठेवली आणि फक्त शिरा खाल्ला.

काम करायची त्यांची एक रीत होती. आलेल्या माणसाला म्हणायचे, “पहिल्यापासून सांग.” तो खुर्चीत बसून सगळं सांगे. म्हात्रे कागदाला हात लावत नसत. मग म्हणायचे, “आता उभं राहून सांग.” तो उभा राहून पुन्हा सांगे. तरी पेन बंदच. शेवटी त्याला जेवायला बसवायचे आणि तिसऱ्यांदा सांगायला लावायचे. मी एकदा विचारलं की ही काय तऱ्हा? तर म्हणाले, “बसून सांगतो ते लोकांनी शिकवलेलं असतं. उभं राहिला की अंगाला आठवतं, कुठं होता, कुठं वळला. आनि जेवताना मानूस खरं बोलतो, कारन लक्ष भातात असतं.”

आता हा भात यायचा कुठून? त्यांच्या घरी चहाच्या पातेल्याखेरीज काही नव्हतं. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. त्यामुळे आमची बेल वाजायची. “वहिनी, भात हाय का?” असा प्रश्न, जणू कायद्याने मी तो देणं लागते. पहिल्यांदा मी तोंड वाकडं केलं. दुसऱ्यांदा दिला. नंतर नंतर मी डाळतांदूळ टाकताना समोरच्या दाराकडे नजर टाकून किती चपला आहेत ते बघत असे. चपला जिन्यात काढत ते एका अर्थी सोयीचंच होतं.

उभं राहून सांगण्याचा प्रकार मी एकदा प्रत्यक्ष पाहिला. दार उघडलं तर जिन्याच्या चौकात तीन बाप्ये डोक्यावर हात धरून उकिडवे बसलेले. खोली लहान पडली म्हणून ते तेलविहिरीचा फलाट आमच्या जिन्यात घेऊन आले होते. आमची कुंडी म्हणजे विहिरीचं तोंड, दूधवाला सायकल लावून वर आला होता त्याला आगीच्या बाजूला उभा केलेला. त्यातला एक जण सरपटत कठड्यापर्यंत गेला, वरच्या मजल्याकडे हात केला आणि एकदम थांबला. “शिडीला कुलूप होतं,” तो म्हणाला. हे त्यानं बसून सांगताना सांगितलंच नव्हतं. सुटकेच्या शिडीला कुलूप! म्हात्र्यांनी तिथेच, पायरीवर बसून, पेन उघडलं. मी दूधवाल्याला आगीतून बाहेर बोलावून दूध घेतलं.

नितीन आमच्याकडे, म्हणजे म्हात्र्यांकडे, आला तो त्यांच्याच गावच्या बाजूचा. तिशीचा पोरगा, लहानपणापासून माडावर चढणारा. रिगवर त्याचं काम उंच मनोऱ्यावर, वरून येणारे पाइप धरायचे. खाली गॅसचा स्फोट झाला, ज्वाळा वर आली आणि उतरताना तापलेलं लोखंड त्यानं उजव्या हातानं घट्ट धरून ठेवलं, सोडलं असतं तर समुद्रात पडला असता. जीव वाचला. हात राहिला, पण बोटं आत वळून तळव्याला चिकटल्यासारखी झाली. पोरगा देखणा होता. तो हात तो सारखा रुमालाखाली ठेवायचा, जणू दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिलीय.

सफरचंदं येऊन गेली होती. ठेकेदार त्याच्याच गावचा, लांबच्या नात्यातला. नितीन त्याला दिनेशदादा म्हणायचा. दादानं कागद आणला आणि नितीननं डाव्या हाताचा अंगठा दिला. हे सांगताना बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं. सोबत त्याची बायको सुरेखा होती, ती खिडकीबाहेर बघत बसली.

“अंगठा दिला ते बरं झालं,” म्हात्रे म्हणाले. “दादाला बरं वाटलं असंल. हक्क सोडला असं लिहून घेतलेला कागद कायद्यात चालत नाय. त्यात सुकट बांधायला सांग त्याला.”

मग त्यांनी त्याला दारं समजावून सांगितली. असं मी म्हणते कारण ते तसंच बोलायचे. “एक दार नुकसानभरपाईच्या दाव्याचं. तिथं चूक कोनाची ते सिद्ध करायला लागत नाय, कामावर असताना लागलं एवढं पुरे. दुसरं दिवानी कोर्टाचं. तिथं कंपनीची हयगय दाखवायला लागते, जास्त मिळू शकतं, पन तुझी पोरगी लग्नाची होईल. एकातून शिरलास की दुसरं बंद, दोन्हीकडे पाय टाकायला मिळत नाय. पोलिसांत तक्रार, सुरक्षेच्या अधिकाऱ्याकडे तक्रार, ते वेगळं, ते कधीपन. दोन वर्षांच्या आत दावा लावायचा. आनि तू राहतोस तिकडच्या कोर्टात लावता येतो, त्यांच्या मागं गावोगाव फिरायचं नाय.”

“पन दिनेशदादा आपला मानूस हाय, वकीलमामा,” नितीन म्हणाला. “त्याच्यावर केस टाकायची म्हंजे…”

“ठेकेदार म्हनतो काम कंपनीचं. कंपनी म्हनते मानूस ठेकेदाराचा. दोघांचा नाय, तर तू मनोऱ्यावर हवा खायला गेलावतास का? दोघांनाबी उभं करायचं. आपला मानूस तर आपला मानूस, कोर्टात चहा एकत्र प्या.”

दावा ठाण्याच्या कोर्टात लागला. आणि मग अडचण आली ती कायद्यामुळे नाही, तर नितीनच्या चांगल्या वळणामुळे. समोरच्या पक्षानं त्याला तपासायला एका डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांकडे जायचं म्हणून पठ्ठ्या लग्नातला शर्ट घालून गेला. सुरेखानं इस्त्री केली, तिनंच बटणं लावली, भांग पाडला. डॉक्टर वयस्कर, प्रेमळ. त्यांनी विचारलं, “काय नितीन, कसं आहे आता?” आणि नितीननं हात जोडले, म्हणजे एक हात छातीशी नेला, आणि म्हणाला, “बरं आहे डॉक्टर, देवाची कृपा.” डॉक्टरांनी लिहिलं की रुग्णाची तक्रार नाही, हाताला थोडा कमीपणा आहे.

म्हात्र्यांनी तो अहवाल वाचला आणि दारात येऊन पुठ्ठ्याकडे पाहिलं. “पाटी मोठी करायला पायजे,” एवढंच म्हणाले.

हसू नका. आपल्याकडे कोण ‘बरं नाही’ म्हणतो? मोठ्या माणसानं विचारलं की ‘बरं आहे’ म्हणायचं, ही घरची शिकवण. मरायला टेकलेला माणूससुद्धा भेटायला आलेल्यांना ‘बरं आहे, तुम्ही कसे’ म्हणतो. म्हात्र्यांचे कितीतरी दावे या एका वाक्यावर बुडाले होते. पाय गेलेला माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहायचा, समोरचा वकील गोड आवाजात ‘काय काका, बरं आहे ना?’ विचारायचा, आणि काका ‘बरं आहे साहेब’ म्हणून मोकळे.

नितीनची तालीम सुरू झाली. ती आमच्या सबंध इमारतीनं घेतली, याला मी साक्षीदार आहे. म्हात्र्यांनी फर्मान काढलं की नितीन जिन्यात दिसला की ज्यानंत्यानं त्याला विचारायचं, कसं आहे? खाली वॉचमन विचारायचा. पहिल्या मजल्यावरची शिकवणीची मुलं विचारायची. दूधवाला, ज्याला आगीचा अनुभव होता, तो विशेष आस्थेनं विचारायचा. आणि नितीन प्रत्येकाला, अगदी मनापासून, ‘बरं आहे’ म्हणायचा. आतून म्हात्र्यांचा आवाज यायचा, “परत!” नितीन पायऱ्या उतरायचा आणि पुन्हा चढून यायचा.

“काय नितीन, कसं आहे?” मी.

“बरं आहे मावशी… नाय नाय. म्हंजे तसं…”

“परत!”

एकदा त्यानं दुसऱ्या मजल्यापर्यंत निभावलं. वॉचमनला म्हणाला, हात दुखतो. मुलांना म्हणाला, झोप लागत नाही. मला वाटलं, जमलं. माझ्यासमोर आला आणि माझ्या हातातलं जड पातेलं बघून म्हणाला, “द्या मावशी, मी धरतो.” मेल्या, कशानं धरणार होतास? मला इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं की मी पातेलं घेऊन आत गेले आणि गॅस उगीचच मोठा केला.

साक्षीच्या आदल्या आठवड्यात म्हात्र्यांनी त्याला जेवायला बसवलं. तिसरं सांगणं बाकी होतं. नितीन आजवर काही ना काही कारण काढून जेवण टाळत आला होता. त्या दिवशी मी वालाचं बिरडं केलं होतं, भात, तळलेले बोंबील. ताट पुढे ठेवलं तर म्हणाला, भूक नाही. म्हात्रे स्वतः जेवू लागले. नितीन बघत बसला. बोंबलाचा वास सबंध जिन्यात पसरला होता आणि हा पोरगा खाडीकाठचा. त्याच्या गळ्याची हालचाल मला दिसत होती.

“चमचा देऊ का?” मी विचारलं.

“नको मावशी. घरी जेवून आलो.”

“कुठं जेवलात?” दाराशी बसलेली सुरेखा एकदम म्हणाली. तोवर तिचं तोंड मी कधी उघडलेलं पाहिलं नव्हतं. “सकाळपासून पोटात काय नाय. ते जेवत नाय कुनासमोर. डाव्या हातानं जेवायला लाज वाटते. मी भरवते. दार लावून भरवते. पोरगीला बाहेर खेळायला धाडते, मग भरवते.”

“गप बस,” नितीन म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण मी दोन पावलं मागे झाले.

म्हात्र्यांनी घास गिळला, पाणी प्यायले. “हेच सांगायचं कोर्टात,” ते म्हणाले.

“नाय सांगनार. दावा गेला तर जाऊ दे. दिनेशदादा तिथं बसलेला असनार, गावची दोन मानसं असनार. बायको भरवते म्हनून सांगू? गावात तोंड कसं दाखवू?” तो उठला, चपला घातल्या, म्हणजे सुरेखानं वाकून त्याच्या सँडलचा पट्टा लावला, आणि दोघं खाली उतरली. ताट तसंच राहिलं. मी झाकून ठेवलं, का ते माहीत नाही.

संध्याकाळी म्हात्रे ते ताट घासून परत द्यायला आले. कधी नव्हे ते आत येऊन बसले. मी चहा ठेवला. ते आमच्या भिंतीकडे बघून बोलले, माझ्याकडे नाही. “वहिनी, लोकांना वाटतं पाटी दाव्यांमुळे लावली. मंदा, माझी बायको, तिला पोटाचा आजार होता. मी रोज कोर्टातून आलो की दारातून विचारायचो, बरं हाय ना? ती म्हनायची, बरं हाय. मी पानी प्यायचो. समजलं तेव्हा उशीर झालेला. माझा दिवसभराचा धंदा उलटतपासनी, वहिनी. घरी एकदा नाय केली.”

चहा झाल्यावर ते कपबशी विसळून पालथी घालून गेले. मी त्या रात्री ह्यांना विचारलं, बरं आहे ना तुम्हाला? हे म्हणाले, बरं आहे. मी म्हटलं, नीट सांगा. तेव्हा कळलं की आठवडाभर ह्यांची दाढ दुखत होती.

साक्षीच्या दिवशी मी ठाण्याला गेले. माझी बहीण ठाण्याला राहते, तिला भेटायचं होतं. ते राहून गेलं. कोर्टात मागच्या बाकावर बसले. दिनेशदादा आला होता, गावची दोन माणसं आली होती, आणि खरोखरच सगळ्यांनी बाहेर एकत्र चहा घेतला होता. नितीन पिंजऱ्यात उभा राहिला, रुमाल हातावर. म्हात्र्यांनी त्याच्याकडून जेवढं वदवता आलं तेवढं वदवलं आणि खाली बसले. जेवणाचा विषय त्यांनी काढला नाही.

समोरचे वकील उठले. गोरेपान, हसतमुख, सगळ्यांना भाऊ म्हणणारे. “नितीनभाऊ, आधी एक सांगा,” ते म्हणाले, “आता कसं आहे?”

म्हात्रे खाली कागदाकडे बघत होते, पण कान इकडेच असणार, शिट्टीसकट.

“बरं…” नितीन म्हणाला. आणि थांबला. त्यानं दिनेशदादाकडे पाहिलं, मग सुरेखाकडे. ती त्याच्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

“बरं नाय साहेब,” तो म्हणाला. “मी तीस वर्षांचा बापय. माझी बायको मला भरवते. दार लावून भरवते. आंघोळीनंतर कपडे ती घालते. पोरगी लहान हाय, तिला वाटतं बाबा आजारी हाय, बरा होईल.” मग त्यानं रुमाल काढला आणि हात पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवला. “हा उघडत नाय. याच्या जोरावर मी माडावर चढायचो.”

“पण डावा हात चांगला आहे ना?” हसतमुख वकील म्हणाले, जरा घाईनं.

“हाय. एका हातानं माड चढून दाखवा साहेब. माझ्या गावचा, तुमच्या गावचा, कुठलाबी चालेल.”

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. म्हात्र्यांनी पेन उघडलं, काहीही लिहिलं नाही आणि बंद केलं. मला वाटतं त्यांना रडू येत असावं, पण ते खात्रीनं सांगता येणार नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच सांगता येत नसे.

पुढच्या तारखेला डॉक्टर आले आणि म्हात्रे उलटतपासणीला उठले. तुम्ही पेशंटला काय विचारलंत? कसं आहे विचारलं. तो काय म्हणाला? बरं आहे. काही उचलायला लावलंत? नाही. चढायला? नाही. त्याचा शर्ट कसा होता? व्यवस्थित, इस्त्रीचा. बटणं कोणी लावली होती, विचारलंत? नाही. म्हात्रे म्हणाले, “आणखी प्रश्न नाहीत, डॉक्टरसाहेब. तब्येत सांभाळा.” मग न्यायाधीशांना एवढंच समजावलं की हात किती गेला ते बघायचं नसतं, त्या हाताचं काम किती गेलं ते बघायचं असतं. टेबलावर बसणाऱ्याचा हा हात थोडा गेला, चढणाऱ्याचा सगळा गेला.

निकाल आमच्या बाजूनं लागला. आमच्या म्हणजे नितीनच्या. ठेकेदार आणि कंपनी, दोघांवरही जबाबदारी आली. दिनेशदादा काही दिवस नितीनशी बोलला नाही, मग गावच्या हळदीत शेजारी बसावं लागलं तेव्हा बोलला. नितीननं बोळिंजच्या नाक्यावर शहाळ्याची गाडी टाकली. चढतात दुसरे, कोयता चालवते सुरेखा, आणि हा डाव्या हातानं गिऱ्हाईकाला शहाळं देतो. हल्ली भर रस्त्यात वडापावही डाव्या हातानं खातो. कोणी ‘कसं आहे’ विचारलं तर सविस्तर सांगतो. गिऱ्हाईकांना घाई असते, पण ती ऐकून घेतात, कारण सुटे पैसे त्याच्याकडे असतात.

म्हात्र्यांचं काहीतरी बिघडलंय हे मला कळलं ते एका सकाळी, दूध घेताना. मी सवयीनं विचारलं, “काय म्हात्रे, कसं आहे?” आणि गुडघा, पोट, कान यांच्यासाठी तयारी करून कठड्याला टेकले. ते म्हणाले, “बरं आहे वहिनी,” आणि आत गेले. मी पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिले. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं. मी आमच्या ह्यांना उठवलं आणि म्हटलं, म्हात्र्यांना काहीतरी झालंय.

झालं होतंच. पोटातलंच, मंदासारखं, आणि तेही उशिरा कळलेलं.

तो पुठ्ठा अजून त्या दारावर आहे. नवे भाडेकरू आले, त्यांनी काढू का म्हणून विचारलं. मी सेक्रेटरी या नात्यानं परवानगी नाकारली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते विरारच्या एका हॉस्पिटलात. मी पेजेचा डबा घेऊन गेले होते. नितीन आणि सुरेखा आधीच येऊन बसली होती. कॉटशेजारच्या टेबलावर कोणीतरी सफरचंदं आणून ठेवली होती. म्हात्रे त्यांच्याकडे बघत पडले होते, चादरीखाली फारसं काही उरलं नव्हतं. “कागद मागून येतो, वहिनी,” ते मला म्हणाले. मी पिशवी उचलून कॉटखाली सारली.

“मामा, कसं हाय?” नितीननं विचारलं.

“बरं हाय.”

नितीननं वाकड्या हाताच्या मनगटानं स्टूल पुढे ओढलं आणि अगदी जवळ बसला.

“परत,” तो म्हणाला.

म्हात्र्यांनी त्याच्याकडे पाहिलं. “बरं हाय म्हनलं ना.”

“परत.”

सुरेखानं पदर तोंडाशी धरला होता. मग म्हात्रे, ज्यांचा आवाज इमारतीच्या तीन मजल्यांना ऐकू जायचा, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, “बरं नाय रे. लय दुखतं. आनि भीती वाटते.”

नितीननं मान हलवली. न उघडणारा हात त्यानं चादरीवर, त्यांच्या हाताशेजारी ठेवला.

“पहिल्यापासून सांगा,” तो म्हणाला. “मग मावशीनं पेज आनलीय ती घेताना सांगा. उभं राहून सांगायचं राहू दे.”

मी डब्याचं झाकण काढलं.